दारू शिरलेल्या घराची कथा कशी लिहावी: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

दारूवरच्या कथांमध्ये ठरावीक माणसं भेटतात. झिंगत येणारा नवरा, चुलीपाशी डोळे पुसणारी बायको, दप्तर छातीशी धरून उभं पोर, आणि शेवटी गळफास नाहीतर आईच्या पायावर हात ठेवून घेतलेली शपथ. लिहिणाऱ्याची तळमळ खरी असते, तरी घर खोटं उतरतं. याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: लेखक पिण्याच्या प्रसंगापासून सुरुवात करतो. पिणारा माणूस दिवसातले काही तास नशेत असतो. घर मात्र चोवीस तास त्याच्या पिण्याभोवती फिरतं, तो शुद्धीत असताना आणि घरी नसतानाही. कथा त्या उरलेल्या तासांत असते, म्हणून खालचे टप्पे त्या तासांकडे नेणारे आहेत. उदाहरणं धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांतली आहेत.

पहिले चार टप्पे तयारीचे आहेत. ते होईपर्यंत कथेचं एकही वाक्य लिहू नका. सुचलेलं वाक्य वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवलं तर हरकत नाही.

## १. घराचं घड्याळ मांडा

एका कोऱ्या पानावर पहाटे पाचपासून रात्री बारापर्यंतचे तास लिहा आणि प्रत्येक तासापुढे घरातला प्रत्येक माणूस काय करतो ते मांडा. पिणाऱ्याचा रकाना सर्वांत शेवटी भरा.

बायको कापूस वेचायला जात असेल तर ती सकाळी किती वाजता निघते, आणि निघण्याआधी नवऱ्याच्या खिशाला हात लावते का? सासू ओसरीवर बसते ती कोणाची वाट बघत? मुलगी शाळेतून आल्यावर आधी घरात जाते, की शेजारच्या काकूंकडे डोकावून अंदाज घेते? संध्याकाळी सहानंतर घरातला आवाज कसा बदलतो? टीव्ही लहान होतो, भांडी हळू ठेवली जातात, धाकट्याला लवकर जेवू घालतात.

अशा घरात प्रत्येकाला एक काम आपोआप लागलेलं असतं. मोठी मुलगी भावंडांची आई होते. एखादा मुलगा वर्गात पहिला येऊन घराची अब्रू सांभाळतो, दुसरा मारामाऱ्या करून सगळ्यांचा राग स्वतःवर घेतो, तिसरा कोणाच्याच लक्षात येणार नाही असा राहतो. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातले समुपदेशक या भूमिका ओळखतात. पण त्यांचे साचे करून पात्रांवर बसवू नका. एकच मूल सोमवारी शहाणं आणि गुरुवारी उर्मट असू शकतं.

तपासा: पिणाऱ्याचा रकाना झाकला तरी इतरांच्या रकान्यांवरून तो घरी केव्हा येतो हे कळतं का? कळत नसेल तर पान अजून पोकळ आहे.

## २. पैशाचा कागद करा

अनेक लेखक हा टप्पा गाळतात आणि मग कथेत "घरात दारिद्र्य होतं" असं मोघम वाक्य येतं. दारूच्या घरात पैसा नेमक्या जागी अडतो, नेमक्या माणसाकडून उसना येतो आणि नेमक्या दिवशी संपतो.

खान्देशात हा कागद शेतीच्या वर्षावर मांडावा लागतो. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचं, साल आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरतं. वर्षाचा करार होतो, उचल (आगाऊ रक्कम) हातात पडते, आणि त्याच दिवसांत लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, पुरुषांचे पत्त्यांचे डाव बसतात. पिणाऱ्या सालदाराच्या घरी आखाजी हा वर्षातला सर्वांत धोक्याचा सण असतो, कारण घरात तेवढी रोकड एरवी नसतेच. जूनमध्ये बियाण्याचा पैसा लागतो. दिवाळीच्या आसपास कापसाचा पैसा येऊ लागतो. बाईची वेचणीची मजुरी किलोवर ठरते आणि बऱ्याच गावांत बाजारच्या दिवशी हातात पडते, म्हणून त्या घरात भांडणाचाही वार ठरलेला असतो. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी. मुकादमाकडून घेतलेली उचल नवऱ्याने पिऊन संपवली तरी फेडायची दोघांनी, आणि तो आजारी पडला तर मोळ्या बांधणारीच तोडायलाही उभी राहते. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात कथा असेल तर घड कापणाऱ्या टोळीचा रोज आणि ट्रक भरल्यावर मिळणारी वरकड रक्कम यांची माहिती काढा. तो पैसा कामावरच वाटला जातो आणि घरी पोचण्याआधी त्याला दुसरी वाट फुटते.

कागदावर चार रकाने करा: आलेला पैसा, दारूला गेलेला, लपवलेला, उसना घेतलेला. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा. बाई पैसे कुठे ठेवते? डाळीच्या डब्यात ठेवलेले त्याला सापडतात हे तिला दुसऱ्याच महिन्यात कळलेलं असतं. मग ते बचत गटात जातात, जावेकडे जातात, शाळेतल्या बाईंकडे जातात. या एका जागेवरून अख्खी कथा उभी राहू शकते.

सावध: क्वार्टरची किंमत किंवा रोजंदारीचा दर आठवणीवर लिहू नका. कथेतलं साल धरा आणि त्या साली कमावत्या वयात असलेल्या दोन वेगवेगळ्या माणसांना विचारा.

## ३. शरीराचं वेळापत्रक समजून घ्या

इथल्या चुका जाणत्या वाचकाला पहिल्या पानावर दिसतात, म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

मात्रा. क्वार्टर म्हणजे १८० मिली, अद्धा ३७५, खंबा ७५०. व्हिस्की-रमच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे एका क्वार्टरमध्ये साधारण ७७ मिली, वजनात ६१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. शरीर ते तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम या गतीने संपवतं. मुरलेल्या पिणाऱ्याचा वेग थोडा जास्त असतो. रात्री दहापर्यंत दोन क्वार्टर रिचवलेला माणूस सकाळी सातला उठतो तेव्हा बहुधा पूर्ण उतरलेला नसतो. "सकाळी तो अगदी शुद्धीवर होता" हे वाक्य लिहिण्याआधी ही वजाबाकी करा. हातभट्टीची किंवा मोहाची असेल तर कडकपणा भट्टीगणिक बदलतो, तिथे आकडा देऊच नका.

सहनशक्ती. वर्षानुवर्षं पिणारा बराच काळ इतरांपेक्षा जास्त पिऊनही सरळ चालतो, हिशेब करतो, गाडी चालवतो. गावात त्याची "पचवतो" म्हणून वाहवा होते, आणि घरच्यांना आजार दिसायला उशीर लागतो तो त्यामुळेच. पुढे यकृत बिघडलं की थोड्यावरच तोल जातो. कथेत यकृत बिघडल्यानंतरही माणूस डोंगर रिचवून सरळ चालताना दिसला तर क्रम चुकला.

आठवण पुसली जाणं. हे बेशुद्ध पडण्यापेक्षा वेगळं आहे. माणूस चालतो, बोलतो, भांडतो, वचनं देतो, आणि सकाळी त्याला त्यातलं काहीही आठवत नाही, कारण मेंदूत ते नोंदलंच गेलेलं नसतं. बायकोला वाटतं तो खोटं बोलतोय. तो खरंच सांगत असतो, आणि दुसऱ्या वेळी याच सबबीआड लपतही असतो. दोन्ही शक्यता एकाच घरात नांदतात. या कथाविषयात याहून मोलाची सामग्री दुसरी नाही.

दारू तुटल्यावर. रोज पिणाऱ्याची अचानक थांबली की सहा ते आठ तासांत हात थरथरू लागतात, घाम येतो, उलटी होते, झोप उडते. फिट येण्याचा धोका बहुधा पहिल्या दोन दिवसांत असतो. भ्रमाची अवस्था साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी येते: भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो, जागेचं-वेळेचं भान जातं. या अवस्थेत उपचार न मिळाल्यास माणूस मरू शकतो.

"मनाचा निश्चय करून त्याने एका रात्रीत दारू सोडली आणि सकाळी तो शेतावर गेला" हा प्रसंग म्हणूनच चुकीचा आहे. वाचून कोणी तसं करायला गेलं तर जिवावरचा आहे. रोज पिणाऱ्या पात्राने घरीच अचानक सोडली असेल तर तिसऱ्या रात्री काय झालं ते लिहावंच लागेल. गावात त्या रात्रीला बाहेरची बाधा म्हणतात आणि भगताला बोलावतात. हा धागा कथेला धरूनच आहे, फक्त लेखकाला आतून माहीत हवं की चाललंय काय.

यकृत. कावीळ, पोटात पाणी होणं, पायांवर सूज, रक्ताची उलटी हा शेवटचा भाग. तो यायला सहसा वर्षं लागतात. मध्ये भूक मरते, हातपाय बारीक होतात आणि पोट तेवढं वाढतं.

विषारी दारू. मिथेनॉल पोटात गेल्यावर माणूस लगेच कोसळत नाही. धूसर दिसणं, उलट्या, पोटदुखी ही लक्षणं बहुधा १२ ते २४ तासांनी येतात. ही दुर्घटनेची कथा आहे, व्यसनाची नव्हे. व्यसनाच्या कथेला झटपट शेवट हवा म्हणून ती आणू नका.

तपासा: कथेत दारू तुटण्याचा प्रसंग असेल तर शेवटचा घोट कधी घेतला ते समासात लिहा आणि तिथून तास मोजत जा.

## ४. साल, गाव आणि दारूचा प्रकार पक्का करा

तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

सातपुड्यातल्या पावरा किंवा भिल्ल पाड्यावर मोह फुलतो तो फाल्गुन-चैत्रात. तिथे मोहाची दारू देवाला, लग्नात, होळीत लागते, पाहुण्याला दिली जाते. रीत म्हणून घेतलेला घोट आणि व्यसन यांतला फरक दाखवता येत नसेल तर अजून पाड्यावरची कथा लिहू नका. बाहेरून आलेल्या लेखणीने सगळ्या पाड्याला पेताड ठरवणं हा या भागावर झालेला जुना अन्याय आहे. नवापूरकडच्या कथेत सीमा येते. पलीकडे गुजरातेत दारूबंदी आहे, त्यामुळे अलीकडच्या दुकानांवर गिऱ्हाईक कुठून येतं आणि रात्री पलीकडे काय जातं, हे गावच्या अर्थकारणात धरावं लागतं. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत पाळी, पगाराची तारीख आणि क्वार्टर (राहायचं) या तीन गोष्टी घर चालवतात. जळगाव-चोपड्याकडे हिवाळ्यात शेतात वांग्याच्या भरताच्या पार्ट्या होतात. तिथे पिणं मित्रमंडळाचं असतं, आणि "मी काय रोज घेतो का" ही सबब तिथूनच येते.

सालाच्या चुका जास्त होतात. काही खुणा हाताशी ठेवा:

- घरगुती हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा २००५ चा, लागू झाला ऑक्टोबर २००६ मध्ये. १९९८ च्या कथेतली वकीलबाई त्याचं नाव घेऊ शकत नाही.
- नवऱ्याच्या छळाची तक्रार "चारशे अठ्ठ्याण्णव अ" खाली व्हायची ती ३० जून २०२४ पर्यंतच्या घटनांची. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ आहे. लोकांच्या तोंडी जुनाच आकडा राहिला आहे, तो संवादात तसाच ठेवा. पोलिसांच्या कागदावर मात्र नवा हवा.
- १ एप्रिल २०१७ पासून महामार्गालगतची दारूची दुकानं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बंद झाली, पुढे शहरांच्या हद्दीत सूट मिळाली. धुळ्याहून जाणाऱ्या मुंबई-आग्रा किंवा सुरत-नागपूर रस्त्यावर त्या उन्हाळ्यातली कथा घडत असेल तर हे लक्षात हवं.
- २५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली आणि दुकानं बंद झाली. मेच्या पहिल्या आठवड्यात काही ठिकाणी ती उघडू लागली. मधल्या दिवसांत अनेक घरांत दारू जबरदस्तीने तुटली, दवाखाना गाठणं कठीण होतं आणि सगळं कुटुंब एकाच खोलीत अडकलेलं होतं. या काळावर अजून फार थोडं लिहिलं गेलं आहे.

गावातल्या बायका दुकानाविरुद्ध उभ्या राहतात असा प्रसंग असेल तर दारूबंदीच्या मतदानात मतपत्रिकेवर उभी आणि आडवी बाटली असते आणि बंदीसाठी शिक्का आडव्या बाटलीवर पडतो, एवढं तरी चुकवू नका. आणि दुकान बंद झालं की पिणं थांबलं असं दाखवू नका. शेजारच्या गावाचं अंतर वाढतं, पेट्रोलचा खर्च वाढतो, चोरून विकणारा घराजवळ येतो.

## ५. कोणाच्या डोळ्यांनी सांगायचं ते ठरवा

पहिल्या कथेसाठी माझी शिफारस स्पष्ट आहे: आठ ते चौदा वर्षांचं मूल किंवा बायको, आणि शेवटपर्यंत एकच दृष्टी.

मुलाला कारणं माहीत नसतात, पण खुणा पाठ असतात. ते निष्कर्ष काढत नाही, मोजमाप करतं, म्हणून त्याच्या नजरेत उपदेश शिरायला वाव कमी राहतो. मात्र मुलाच्या तोंडी "व्यसनाधीनता" हा शब्द घालू नका आणि त्याला प्रौढांसारखं शहाणं करू नका. मुलाला बापाचा राग येतो तसं त्याच्यावर प्रेमही असतं. मेळ्यात खांद्यावर घेणारा बाप तोच असतो.

बायकोची दृष्टी अवघड, पण अधिक देणारी. ती फक्त सोसत नसते, घर चालवत असते. मालकाला "ताप आलाय" असा निरोप तीच धाडते, उधारी तीच चुकवते, सोयऱ्यांसमोर झाकून तीच नेते. ती हे करते म्हणून घर टिकतं, आणि तिच्या याच झाकण्यामुळे त्याचं पिणं निभावून जातं. तिला दोष न देता हे दाखवणं ही या विषयातली खरी कसोटी आहे. "बायको धड असती तर तो प्यायला नसता" हे वाक्य सासूच्या तोंडी येऊ द्या. निवेदकाच्या वाक्यांतून ते नकळत सुचवलं जात नाही ना, हे वेगळं तपासा.

पिणाऱ्याच्या आतून लिहायचं असेल तर त्याची सौदेबाजी लिहा. आज फक्त नव्वद (अर्धी क्वार्टर), पोळ्यापासून बंद, बाजारच्या दिवशीच, बिअर म्हणजे काही दारू नाही. तो स्वतःशी रोज नवा करार करतो आणि त्या क्षणी तो त्याला खरा वाटतो. लहानपणचं दुःख, धंद्यातली खोट, प्रेमभंग अशा एकाच कारणावर सगळं टांगू नका. कारण हळूहळू मागे पडतं आणि सवय स्वतःच्या बळावर चालू राहते.

पिणारी बाई असेल तर लपवणं दुप्पट होतं आणि घर तिला दवाखान्यात नेण्याआधी माहेरी पाठवतं. ही कथा मराठीत हवी आहे.

## ६. प्रसंगांचा क्रम लावा

तीन-चार हजार शब्दांच्या कथेला सहा-सात प्रसंग पुरतात. नशेतला प्रसंग एकच ठेवा, फार तर दोन. मारहाण दाखवायची तर एकदाच आणि थोडक्यात. पुढे तिचे परिणाम दिसू द्या: बांगडी कोपरापर्यंत सरकवून घेणं, पाणवठ्यावर उशिरा जाणं.

हा क्रम बहुतेक वेळा चालतो:

1. घराची तयारी, तो यायच्या आधीचा तास.
2. एक चांगला दिवस. हा गाळू नका. त्याने भाजी आणलेली असते, तो हसवतो, आणि सगळे थोडे सावध राहून हसतात.
3. पैशाचा प्रसंग.
4. बाहेरचं माणूस घरात येतं आणि झाकाझाक होते.
5. नशेतला प्रसंग.
6. दुसऱ्या दिवशीची सकाळ. पाचव्यापेक्षा हा मोठा लिहा.
7. कोणीतरी एक छोटी गोष्ट वेगळी करतं.

पहिल्या प्रसंगाचा एक नमुना पाहू. नेहमी असा उतरतो:

*"बाबा दारू पिऊन येणार या विचाराने सुनंदाच्या अंगावर काटा आला. आई भीतीने थरथर कापत होती. त्या घरावर दारूची काळी सावली पडली होती."*

तोच घड्याळाचा कागद हाताशी ठेवून लिहिला तर:

*"आईने कळण्याच्या भाकरी उजेड असतानाच थापल्या. दोन वेगळ्या काढून फडक्यात गुंडाळल्या आणि टोपली चुलीपासून लांब ठेवली. सुनंदाने ओसरीवरची बादली आत घेतली, खाट भिंतीला लावली, धाकट्याची पाटी उचलली. वाट मोकळी झाली. मग दोघी लसूण सोलत बसल्या, एवढा लसूण लागणार नव्हता तरी. बरा असला की तो कडी दोनदा वाजवायचा. नसला की आधी हात दारावर फिरायचा, कडी शोधत."*

दुसऱ्या नमुन्यात भीती हा शब्द नाही, दारू हाही नाही. हालचाली आहेत, आणि प्रत्येक हालचालीमागे आधीची एखादी रात्र आहे. तुमच्या कथेतलं घर खाट का सरकवतं हे लेखकाला माहीत असावं. वाचकाला सांगायची गरज नाही.

लपवण्याच्या जागाही अशाच नेमक्या हव्यात: विहिरीवरची मोटारची खोली, कडब्याची गंजी, गव्हाणीखाली, गाडीच्या डिक्कीत जुन्या फडक्यात. बाटली सापडण्याचा प्रसंग लिहिताना सापडवणाऱ्याने पुढे काय केलं ते ठरवा. ओतून दिली, पाणी घातलं, की जागच्या जागी ठेवली? तिसरं करणारं माणूस त्या घरात सर्वांत जास्त वर्षं राहिलेलं असतं.

सावध: पाऊस, वीज, दिवा विझणं, देवघरातली तसबीर पडणं. नशेच्या प्रसंगाला निसर्गाची साथ लावली की प्रसंग कोसळतो.

## ७. संवाद आणि बोली

नशेतलं बोलणं "मीऽऽ कोऽऽण आऽऽहे" असं ताणून लिहू नका. ते तमाशातलं होतं आणि वाचक हसतो. नशेत माणूस तोच प्रश्न पुन्हा विचारतो, वाक्य अर्धं सोडतो, जुन्या अपमानाकडे परततो, एकदम मायाळू होतो. शब्द सरळ लिहा आणि बोलण्याची घडी मोडा.

घरात अहिराणी बोलणारं कुटुंब डॉक्टरसमोर प्रमाण मराठीकडे सरकतं, आणि हा बदल स्वतःच एक खूण आहे. "बाप उना का?" आणि "बाबा आले का?" या दोन प्रश्नांत घर आणि शाळा एवढं अंतर आहे. "मी पेयेल नही शे" हे तीन वेळा म्हणणाऱ्याला चौथ्यांदा म्हणायला लावू नका. रावेर-यावल-भुसावळकडे लेवा घरांची बोली वेगळी पडते, साक्री-नंदुरबारकडची अहिराणी अमळनेर-पारोळ्याहून वेगळी लागते. बोली तुमची नसेल तर संवाद त्या तालुक्यातल्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या. ते जमत नसेल तर प्रमाण मराठीत लिहा आणि वाक्याची ठेवण साधी ठेवा. चुकीच्या बोलीपेक्षा ते केव्हाही बरं.

न बोललेलंही लिहा. अशा घरात "पिऊन आला" हे क्वचित म्हणतात. "आज उशीर झाला", "बरं नाही त्यांना", "लावून आलाय" यांतलं कोण कोणासमोर काय म्हणतं, त्याची यादी करा.

## ८. उपचार आणि पुन्हा पिणं

कथेत उपचार आणायचे तर पायऱ्या गाळू नका. आधी शरीरातून दारू काढणं: साधारण आठवडा-दहा दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीत, फिट आणि भ्रम टाळणारी औषधं कमी करत नेतात, जीवनसत्त्व ब-१ ची इंजेक्शनं देतात. नातेवाईक मात्र "सलाईन लावा" म्हणत असतात. त्यानंतरचा समुपदेशनाचा आणि गटाचा काळ लांब असतो. बहुतेक कथा पहिल्या आठवड्यावर संपतात, आणि घराची खरी ओढाताण तिथून सुरू होते.

पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून चालू आहे, त्याचं नाव खान्देशातल्या घरांतही निघतं. दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठीच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या गटांची सुरुवात अमेरिकेत १९३५ ची, आणि नातेवाइकांसाठीच्या अल-अनॉनची १९५१ ची. त्यांच्या सभेत फी नसते, आडनाव विचारत नाहीत, कोणी कोणाला सल्ला देत नाही, प्रत्येक जण स्वतःचं सांगतो. सभेचा प्रसंग लिहिताना एखादं पात्र उठून भाषण देऊ लागलं तर ती सभा राहिली नाही.

"नकळत दारू सोडवा" ही जाहिरात एसटी स्टँडच्या भिंतीपासून पेपरापर्यंत सगळीकडे असते आणि बायका भाजीत पूड मिसळतात. कथेत हे जरूर यावं, चमत्कार म्हणून मात्र येऊ नये. डायसल्फिराम हे खरं औषध आहे. ते घेणाऱ्याने दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, धडधड वाढते, उलट्या होतात, रक्तदाब घसरू शकतो, आणि शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहू शकतो. म्हणून ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचं असतं. चोरून दिलेल्या गोळीने नवरा रात्री तडफडतो आणि बायको कोणाला सांगू शकत नाही, हा प्रसंग एकटाच एक कथा आहे. व्यसनी माणसाला साखळीने बांधणं कायद्याने मना आहे. पात्रांनी तसं केलं तर ते उपचार म्हणून रंगवू नका.

घरी परतल्यावर झोप लागत नाही, चिडचिड असते, हाताला काम नसतं. आणि घराला त्याच्या शुद्धीची सवय नसते. मुलगी अजून कडी ऐकते. बायको बोलता बोलता जवळ जाऊन वास घेते, त्याला ते कळतं. पैशाचे निर्णय इतकी वर्षं तिने घेतलेले असतात, आता तो "मी बघतो" म्हणतो. पहिल्या काही महिन्यांत पुन्हा पिणं सर्रास घडतं. त्याची सुरुवात घोटाच्या आधी होते: गोळी चुकते, सभा चुकते, जुन्या मित्राचा फोन उचलला जातो. हे तीन धागे आधी पेरले असतील तरच तो प्रसंग पटतो.

## ९. शेवट लिहिताना

चार शेवट सरळ बाद करा: मुलाच्या अश्रूंनी झालेलं परिवर्तन, खान्देशातल्या कानबाई देवीच्या रोटाच्या दिवशीची शपथ, शिक्षा म्हणून आलेली कावीळ, आणि बायकोची आत्महत्या. शेवटचं घडत नाही असं नाही, पण कथेत ते सुटकेचा मार्ग म्हणून दिसतं आणि अशाच घरात बसलेली कोणी ते वाचते. लिहावंच लागलं तर साधन आणि पद्धत लिहू नका.

त्याऐवजी सातव्या प्रसंगातली छोटी गोष्ट निवडा. बायको या वेळी मालकाला "ताप आलाय" असा निरोप धाडत नाही. मुलगी बादली आत घेत नाही. बहीण आखाजीला येऊन भावाला पैसे द्यायला नकार देते. पुढे तो सुधारतो का, हे कथेला ठाऊक असायची गरज नाही. घरातल्या एका माणसाची जागा हलली, एवढं नक्की दिसलं पाहिजे.

## १०. खोडा आणि वाचून घ्या

कच्चा खर्डा आठवडाभर बाजूला ठेवा. मग पेन्सिल घेऊन बिचारी, दुर्दैवी, राक्षस, नरक, काळी सावली, उद्ध्वस्त संसार हे शब्द शोधून काढा. समाजाला उद्देशून असलेलं प्रत्येक वाक्य काढा. पिणाऱ्याचं एक तरी चांगलं कसब कथेत आहे का बघा: तो बैल ओळखतो, घड न दुखवता उतरवतो, मोटार खोलून जोडतो. नसेल तर घाला, कारण त्याच्याकडे ते असतंच आणि घर त्यासाठीच थांबलेलं असतं.

दोन वाचक लागतात. एक व्यसनमुक्तीचं काम करणारा, तिसऱ्या आणि आठव्या टप्प्यातल्या गोष्टी तपासायला. दुसरा अशा घरात वाढलेला. त्याला आधी विचारा, वाचायचं की नाही हे त्याला ठरवू द्या, अर्ध्यात थांबला तर कारण विचारू नका. कथा खऱ्या घरावरून सुचली असेल तर नाव बदलणं पुरत नाही. गाव, धंदा, मुलांची संख्या आणि घराची मांडणी यांतलं निदान तीन बदला, कारण खान्देशात गावाचं आणि आडनावाचं एक टोक हाती आलं की सोयऱ्यांना घर ओळखू येतं.

छापायला देताना कथेखाली एक ओळ टाकण्याची विनंती संपादकांना करा: व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. पाठवण्याआधी तिन्ही क्रमांक चालू आहेत ना, हे स्वतः फोन लावून पाहा.